पेवातला कंदील

कारभारीनं दोरीला बांधलेला कंदील पेवात सोडला आणि काठावर पालथं पडून तो खाली बघत राहिला. अंगणातलं हे जमिनीखालचं धान्याचं कोठार बारा वर्षं बंद होतं. ज्वारी पत्र्याच्या कोठीत जायला लागली, तशी त्याची गरज सरली होती. बंद पेवात आधी कंदील सोडायचा, मग माणूस, हे पाथर्डीकडं शेंबडं पोरही सांगेल. ज्योत विझली तर माणसाचाही श्वास कोंडणार.

कंदील तळाला टेकला. जळत राहिला.

“झालं काम,” तो म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

तीन दिवसांपूर्वी सहादेवचा फोन आला होता. पोरगा फौजेत, सध्या सीमेवर. कुठं ते सांगायची सोय नाही. लढाई पेटलेली आणि अणुबॉम्ब दोन्हीकडं. टीव्हीवरच्या पोरी त्या बॉम्बची वजनं कांद्याच्या भावासारखी सांगत होत्या. सहादेवनं मात्र शांतपणे सांगितलं, की वेळ आलीच तर पत्र्याच्या घरात थांबू नका. जमिनीखाली जा, पेवाचं तोंड बंद करा आणि दोन दिवस वर येऊ नका. त्याची बायको रुपाली आणि सहा महिन्यांची लेक इथंच होती. नगरला एवढी मिलिटरी, म्हणजे पहिला बॉम्ब तिथंच, असं कारभारीनं धरून ठेवलं होतं.

त्यानं पेव झाडलं, गोधड्या अंथरल्या, पाण्याचे दोन कॅन उतरवले. त्याची बायको साळूबाई काठाशी उभी होती.

“तोंड उघडं ठिवून काय बघता? बॉम्ब पडंल तवा वर चिरा आसंल ना?”

बाई बोलली ते खरंच होतं. त्यानं कंदील पुन्हा सोडला, तोंडावर दगडी चिरा सरकवला आणि जुन्या रीतीनं कडेनं चिखल लिंपला. मग दोघं जेवायला बसली. झोळीत नात झोपली होती.

दोन तासांनी त्यानं पहारेनं चिरा उचकटला. खाली काळोख होता.

“तेल सरलं आसंल.”

कंदील वर ओढून त्यानं कानाशी हलवला. आत तेल खळखळलं. वाऱ्यासाठी नळी बसवावी, तर बॉम्बचं विष त्याच नळीतून खाली येणार. कारभारीनं कंदील पायाशी टाकला. उभ्या जन्मात त्याला इतकं हतबल वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला.

“आबा, पेव उघडलं का?”

“उघडलं. गोधड्याबी टाकल्यात.”

“कंदील सोडून बघितला?”

कारभारीनं पायाशी पडलेल्या कंदिलाकडं पाहिलं. साळूबाईनं पदर तोंडाशी धरला.

“बघितला.”

“जळतोय?”

“जळतोय की. चांगला जळतोय.”

पलीकडं सहादेवनं सोडलेला सुस्कारा त्याला ऐकू आला. लेकाची चिंता मिटली, एवढं तरी आपल्या हातून झालं म्हणायचं. मग त्यानं विचारलं,

“तुझं कसं हाय? खंदक पक्का हाय ना?”

“पक्का हाय की, आबा. चांगला पक्का हाय.”

पुढं काही विचारायचा कारभारीला धीर झाला नाही.