पोलीस नावाची निळी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी निळी पेटी आहे. युगांडातल्या एका टेकडीवरच्या दवाखान्यात पोटात बर्फ घेऊन मी फिरते. रुग्णांचं रक्त आणि पाठीच्या कण्यातलं पाणी प्रयोगशाळेत पोहोचवते. गोळीतलं औषध रक्तात किती उतरलं, मेंदूला वेढणाऱ्या त्या पाण्यात किती पोहोचलं, हे तिथलं यंत्र मोजतं. कमी भरलं तर डॉक्टर गोळ्या वाढवतात. इतकं साधं, पुण्याचं काम.

पण मी वॉर्डात शिरले की बायका कुजबुजायच्या, "आला बघा पोलीस!" नताकुंडा सिस्टरांनीच माझ्या झाकणावर काळ्या शाईने ते नाव लिहिलं होतं. "गोळ्या चुकवाल तर ही चुगली करील हं!" असं त्या हसत म्हणायच्या. त्या नावाने मी फुशारले होते. आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

बारिग्येच्या मेंदूला टीबी झाला होता. तो बायकोलाही ओळखत नव्हता. ती, केन्यांगी, त्याच्या खाटेखाली चटई टाकून राही. पहाटेची प्रार्थना झाली की नाचणीच्या आंबिलीतून त्याला गोळ्या भरवी. एके दिवशी त्याने दात घट्ट आवळले, काही केल्या गोळ्या घेईना. दुसऱ्या दिवशी मी येणार होते. घाबरून तिने त्या गोळ्या लुगड्याच्या गाठीत लपवल्या आणि सकाळी दोन्ही दिवसांच्या एकदम भरवल्या. स्टुलावरून मी पाहत होते. मला तोंड नाही, नुसतं झाकण आहे.

दुप्पट गोळ्यांमुळे आकडा छान आला. डॉक्टर म्हणाले, "औषध पुरेसं पोहोचतंय. वाढवायला नको." केन्यांगीला वाटलं, नवरा पास झाला. पण ताप हटेना. मान लाकडासारखी ताठ झाली.

शेजारच्या खाटेजवळची म्हातारी म्हणाली, "पास झालेला माणूस असा कण्हतो होय गं? काय केलंस त्या दिवशी?"

केन्यांगी सिस्टरांपुढे गुडघे टेकून बसली. "सिस्टर, मी दोन दिवसांच्या गोळ्या एकदम दिल्या. तुमच्या पोलिसाला भ्याले हो."

मला वाटलं, आता सिस्टर कडाडतील. त्या तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. "जळो माझी जीभ! ऊठ बाई, पुन्हा मोजू."

या वेळी खरा आकडा आला. पाण्यात औषध जेमतेमच होतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मग एका सकाळी घोट घेता घेता बारिग्ये पुटपुटला, "केन्यांगी, आंबील पांचट झालीय. तुझ्या आईने केली वाटतं?"

"घ्या!" म्हातारी म्हणाली. "शुद्धीवर आला आणि आधी सासूवर घसरला!" केन्यांगी हसता हसता रडू लागली.

मित्रांनो, मोजणाऱ्यापासून काही लपवू नका. आणि कधी तुम्हीच मोजायला गेलात, तर समोरच्याला भिववू नका. सिस्टरांनी माझं झाकण स्पिरिटने घासघासून पुसलं. पण शाई पुरती गेली नाही. नवीन आलेली माणसं ती फिकट अक्षरं अजून वाचतात, आणि त्यांचा हात हळूच गाठीकडे जातो.