पत्त्याचा रिकामा रकाना

मी एक जुनी सूचनापेटी आहे. सध्या माझा मुक्काम नगरपालिकेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांखाली. बिजागरी निखळली आहे, पण मित्रांनो, आठवण अजून शाबूत आहे. म्हातारीची बडबड समजून तेवढे ऐकून घ्या.

एका सुताराने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले. "हिच्या पोटात लोकांचं मन राहणार," म्हणत त्याने मला तीनदा पॉलिश केले. मी फुशारले! पण पुष्कळ वर्षे माझ्यात तुंबलेल्या गटारांच्या तक्रारी पडल्या, आणि अधूनमधून चॉकलेटचे कागद.

मग एके वर्षी मला अचानक भाव आला. शहरात उंच उंच इमारती उठत होत्या. नगरपालिका नियम करू पाहत होती, की प्रत्येक नव्या इमारतीतली दहांपैकी दोन घरे कमी कमाईच्या लोकांना परवडतील अशा दरात द्यायची. लोकांनी आपले मत छापील कागदावर लिहून महिनाभर माझ्यात टाकायचे होते.

बाप रे, काय ती गर्दी! कुणी लिहिले, 'गरिबांना घरं द्या हो, पण आमच्या शेजारी नकोत.' कुणी म्हणे, दोन घरे स्वस्त दिली की बाकीची आठ महागतील. एका निवृत्त मास्तरांनी लिहिले, 'आमच्याकडे काम करणारी बाई दोन तास प्रवास करून येते. तिला इथेच घर मिळालं तर कुणाचं काय बिघडलं?' मी सगळ्यांचे म्हणणे पोटात ठेवले.

मला रोज पुसणारी सफाईवाली मावशी फार मायेची. जिथे अशीच एक उंच इमारत होणार होती, तिथेच तिची भाड्याची खोली होती. खोली पाडल्यापासून मायलेकी भावाकडे चार दिवस, नणंदेकडे चार दिवस, अशा फिरत होत्या. लेकीची शाळा दोनदा बदलली होती. नियम झाला असता, तर त्यांनाही घरासाठी अर्ज करता आला असता.

शेवटच्या दिवशी लेकीने माझ्याच पाठीवर कागद ठेवून मत लिहिले.

"आई, पत्ता काय लिहू? मामाचा?"

"नको गं बाई. मामीला वाटेल, या कायमच्या ठाण मांडणार. आणि खोटं कशाला लिहायचं? सोड रिकामा. घर मिळालं की कळवू म्हणावं!"

दोघी खळखळून हसल्या. मीही हसले, मेली अक्कल माझी!

मला उघडले तेव्हा कारकून चाचरत म्हणाला, "साहेब, या गठ्ठ्यावर पत्तेच नाहीत. बहुतेक सगळे नियमाच्या बाजूचे आहेत."

"पत्ता नाही तो कागद बाद. खाली छापलंय ना तसं?"

छापले होते खरे, मुंगीएवढ्या अक्षरांत. पण ज्याला घरच नाही, त्याने पत्ता आणायचा कुठून? माझ्या लाकडी डोक्यात हे शिरले, साहेबांच्या शिरले नाही. लोकांचा विरोध आहे असे ठरले आणि नियम बारगळला.

बाद गठ्ठा फेकायला सांगितला तो मावशीलाच. टोपलीत टाकताना तिला लेकीचे अक्षर दिसले. तिने तो कागद गठ्ठ्यातून ओढून काढला. मग हाताने सरळ केला, चार घड्या घातल्या आणि पुन्हा माझ्यात टाकला.

"तूच ठेव गं," एवढेच म्हणाली.

पुढच्या महिन्यापासून मला पुसायला दुसरी बाई येऊ लागली. मावशी शहराबाहेर लांब कुठे तरी गेली म्हणे. लेकीची शाळा तिसऱ्यांदा बदलली असणार. मला फार वाईट वाटते, मित्रांनो. तिने विश्वासाने दिले, आणि मला नुसते सांभाळताच आले.

उद्या तुमच्यातले कुणी साहेब होतील. माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण पत्त्याचा रकाना रिकामा दिसला, तर कागद फेकण्याआधी वर काय लिहिले आहे ते वाचा. माझ्या पोटातल्या कागदावर गोल अक्षरांत लिहिले आहे, 'आम्हाला सगळ्यात वरचा मजलापण चालेल. जिने आम्ही झाडू.'