डॉक्टर ट्रॅमेल यांची देखरेख

दर गुरुवारी दुपारी व्हर्लीन स्प्रॅडलिन आपल्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली जाई. जाताना रुग्णांच्या कागदांचा गठ्ठा, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि नखं कापायची कात्री सोबत नेई. गठ्ठा डॉक्टर ट्रॅमेल तपासत आणि डॉक्टर ट्रॅमेलना व्हर्लीन तपासे.

कायदाच तसा होता. व्हर्लीन नर्स होती, पण नुसती नर्स नव्हती. पुढचं शिक्षण, पुढची परीक्षा, पुढचा परवाना, सगळं तिनं रीतसर केलं होतं. ओडम काउंटीत रोगी तपासणं, निदान करणं, औषध लिहून देणं ही कामं ती वर्षानुवर्षं करत होती, कारण करायला दुसरं कोणी नव्हतंच. राज्याचं म्हणणं एवढंच, की हे सगळं तिनं कुणातरी डॉक्टराच्या देखरेखीखाली करावं. नदीपलीकडच्या राज्यात ही अट नव्हती. पूल ओलांडला की व्हर्लीनला एकदम अक्कल येई, आणि परत आली की जाई.

डॉक्टर रॉइस ट्रॅमेल एके काळी खरोखरीचे डॉक्टर होते. अर्ध्या काउंटीला त्यांनीच उलटं धरून पहिल्यांदा रडवलं होतं. आता ते व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या लाकडाच्या ट्रकांना हात करत आणि व्हर्लीनला लुसिल म्हणत. लुसिल ही त्यांची जुनी नर्स. ती वारून बरीच वर्षं झाली होती. व्हर्लीननं दुरुस्ती करणं सोडून दिलं होतं. मेलेल्या बाईच्या नावानं का होईना, ते तिचं कौतुक तरी करत.

दहातला एक कागद डॉक्टरानं पाहावा, असं कायद्यात लिहिलेलं आहे. पाहिलेलं समजावं, असं नाही. डॉक्टर पाहत. कधी सुलटा धरून, कधी उलटा. मग व्हर्लीन बोट ठेवी तिथं सही करत. सही मात्र तरुणपणीची होती, ऐटबाज, शेवटी शेपटी काढलेली. गेल्या महिन्यात त्यांनी अशीच सही चर्चच्या पत्रकावर, विजेच्या बिलावर आणि पीचच्या केकखालच्या कागदी रुमालावर केली होती. परवाने देणाऱ्या राज्याच्या बोर्डानं तिन्हींतलं एकही नाकारलं नसतं.

डॉक्टरांचं हे असं झालंय, हे गावाला माहीत होतं. बोर्डाला माहीत नव्हतं, कारण बोर्डाला सही पोचत होती.

हे असंच चाललं असतं. पण मार्च महिन्यात शेजारी राहणारा एल्रॉय गँट डॉक्टरांचं कुंपण दुरुस्त करायला गेला. एल्रॉय लाकडाच्या गिरणीत कामाला. अंगानं आडवा, तोंडानं तिखट आणि रक्तात साखर. घाम पुसता पुसता त्यानं डॉक्टरांना साखरेचं सांगितलं. डॉक्टरांनी खिशातून जुनं पॅड काढलं आणि गोळी लिहून दिली. दर तासाला एक.

गावच्या औषधवाल्यानं चिठ्ठी वाचली, एल्रॉयला खुर्चीत बसवून ठेवलं आणि व्हर्लीनला फोन लावला.

"मी हे देणार नाही," तो म्हणाला. "पण चिठ्ठीत खोट काही नाही व्हर्लीन. लायसन चालू आहे, सही झकास आहे. उद्या कोणी हीच मार्लो शहरातल्या मोठ्या दुकानात नेली, तर तिथला पोरगा गोळ्या मोजून पुडी बांधेल. आणि मग तू एल्रॉयच्या मातीला जाशील."

त्या गुरुवारी इमोजीनबाई ट्रॅमेल दारातच उभ्या होत्या. पदरी एक भ्रमिष्ट नवरा आणि छातीत दमा, असं दोन्ही सांभाळणारी बाई.

"हे बघ व्हर्लीन, गाडीची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवते. पण पेनं कुठं कुठं लपवू? या घरात पेनं उंदरांसारखी निघतात. तू लिहून दे, यांना आता काही कळत नाही म्हणून. यांचं लायसन काढून घेऊ देत."

"बाई, यांचं गेलं की त्याच मिनिटाला माझा दवाखाना बंद. देखरेखीला डॉक्टर नाही तर मी कुणाची नाडीसुद्धा बघू शकत नाही."

"मला काय ते कळत नाही? माझा दमा कोण बघतं? म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. तूही बसलीस."

व्हर्लीननं गुपचूप डॉक्टरांची नखं कापली आणि दवाखान्यात परत येऊन बोर्डाचा फॉर्म भरला. डॉक्टर ट्रॅमेल हे वैद्यकी करण्यास असमर्थ आहेत. कारणं खाली. कारणांना जागा कमी पडली. मग तिनं फोन केला. बोर्डातले पेटस नावाचे गृहस्थ फोनवर आले. त्यांचा आवाज मऊ होता, लोण्यात बुडवून काढल्यासारखा.

"फॉर्म नर्सनं भरलाय ना? मग त्यावर तिच्या देखरेखीच्या डॉक्टरांची सही लागेल."

"माझे देखरेखीचे डॉक्टर तेच आहेत."

"तेच म्हणजे?"

"ज्यांना काही कळत नाही असं मी लिहिलंय, ते."

पलीकडे कॉम्प्युटरची बटणं वाजली. "हो, दिसतंय. डॉक्टर ट्रॅमेल. लायसन चालू आहे. मग अडचण कुठं आहे?"

"आपलं डोकं चालत नाही असं त्यांनी स्वतः लिहून द्यायचं, ही अडचण."

"लिहायचं काही नाही हो बाई. नुसती सही."

"पण तेवढी अक्कल त्यांच्यात असेल तर फॉर्म खोटा, आणि नसेल तर सही खोटी. हे तुमच्या लक्षात येतंय का?"

"बाई, फॉर्म मी केलेला नाही."

"दुसऱ्या डॉक्टराची सही चालेल?"

"चालेल की. त्या डॉक्टरांशी नवा करार करा. नोंद व्हायला महिना-दीड महिना जाईल."

"तोवर?"

"तोवर आधीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहा. आणि सही वाचता येण्याजोगी असू द्या. तेवढ्यावरून पुष्कळ फॉर्म परत जातात."

दवाखान्यामागं कचऱ्याचा पत्र्याचा डबा होता. व्हर्लीननं बाहेर जाऊन त्याला अशी लाथ घातली, की शेजारच्या सलूनमधून एक बाई अर्धे केस गुंडाळलेल्या अवस्थेत बघायला आली. "कोण मेलं?" तिनं विचारलं. "अजून कोणी नाही," व्हर्लीन म्हणाली आणि आणखी एक लाथ घातली. तिला राग डॉक्टरांचा नव्हता. पेटसचाही फारसा नव्हता; त्याचा राग यावा असं त्याच्यात काही सापडत नव्हतं. ज्या कुणी राजधानीच्या थंडगार खोलीत बसून ठरवलं होतं, की नाव विसरलेला माणूस शहाणा आणि ती खुळी, त्याचा राग होता. आणि तो कधी कुणाला भेटतच नसे.

पुढच्या गुरुवारी तिनं गठ्ठ्याऐवजी एकच कागद नेला. नेहमीसारखं बोट ठेवलं. डॉक्टरांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. त्यांनी चष्मा लावला, कागद सुलटा धरला आणि वाचायला लागले. ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत. गेल्या दोन वर्षांत त्यांनी असं काही वाचलं नव्हतं.

"कोण हा म्हातारा?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेशंट आहे, डॉक्टर."

"डॉक्टर होता म्हणे."

"हो. चांगला होता."

"शेजाऱ्याला दर तासाला गोळी लिहून दिली?" त्यांनी मान हलवली. "मारला असता की त्याला. बायको आहे?"

"आहे. थकलीय."

दारातल्या इमोजीनबाईंनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"या लोकांना तोरा फार असतो," डॉक्टर म्हणाले. "याला कुणी तोंडावर सांगितलं नसेल."

"नाही सांगितलं."

"सांगायला हवं होतं. हळूच. पण सांगायला हवं होतं." त्यांनी सही केली, शेपटीसकट, आणि कागद तिच्या हातात दिला. "बरोबर केलंस, लुसिल. याच्या हातात पेन देऊ नका."

मग त्यांनी पेन आपल्या खिशाला लावलं आणि रस्त्यावरच्या ट्रकाला हात केला.

बोर्डाला साध्या पत्राचं उत्तर द्यायला ऋतू पालटावा लागे. पण एखादी गोष्ट बंद करायची असली, की तिथं माणसं धावत कामाला येत असावीत. सोमवारी दुपारी फॅक्स आला. डॉक्टर ट्रॅमेल यांचा परवाना स्थगित. करार या क्षणापासून रद्द. रुग्ण तपासणं तात्काळ थांबवावं. फॉर्मवरची सही व्यवस्थित वाचता येत होती. त्याबद्दल तक्रार नव्हती.

आतल्या खोलीतला पेशंट तेवढ्यात बाहेर पडला होता. बाहेरच्या बाकांवर पुढची माणसं बसली होती, आणि सर्वांत पुढं एल्रॉय गँट, एक बूट घातलेला आणि दुसऱ्या पायाला चिरगूट गुंडाळलेलं. बूट चावून फोड आला होता, फोड फुटला होता, आणि आता बोटाचा रंग त्यालाही आवडत नव्हता.

व्हर्लीननं फॅक्स वाचून दाखवला. मग एल्रॉयनं डोकं खाजवलं.

"म्हणजे जेवणाआधी तू लोकांना तपासत होतीस, ते चाललं?"

"चाललं."

"आणि आता फॅक्सबरोबर तुझ्या डोक्यातलं सगळं गेलं का?"

मागं कोणीतरी हसलं.

"नाही. ते इथंच आहे. वापरायला बंदी आहे."

"पायाचं काय करू मग?"

"मार्लोच्या इस्पितळात जा."

"मार्लोला फोन केला होता. जूनमधली तारीख दिली. तोवर बोट थांबेल का, विचारलं. त्या पोरीनं होल्डवर ठेवलं आणि गाणं लावलं."

नियमानं व्हर्लीनला साधी नर्स म्हणून अजून पाय धुवायला परवानगी होती. धुताना काय दिसलं ते बोलायला नव्हती. तिनं एल्रॉयच्या पायाकडे पाहिलं, मग टेबलावरचा फोन ओढला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. राजधानीत व्हँडिव्हर नावाचे एक डॉक्टर होते. श्रीमंत बायकांच्या कपाळाच्या सुरकुत्या भरत, त्यांचे ओठ फुगवत, आणि बारा गावच्या नर्सांवर फोनवरून देखरेख करत. गेल्या वर्षी तिनं त्यांचा महिन्याचा दर ऐकून फोन ठेवला होता.

"बोला, बोला," डॉक्टर व्हँडिव्हर म्हणाले. मागं पाण्याचा आवाज येत होता, बोटीवर असावेत. "ओडम काउंटी? ती उत्तरेला का?"

"दक्षिणेला."

"तेच ते. काही हरकत नाही. मी आज सही करून पाठवतो. बोर्ड नोंदवेल सवडीनं. पैसे मात्र आगाऊ. आणि पेशंटच्या बारीकसारीक गोष्टींसाठी मला फोन करायचा नाही, एवढं पाळा."

"डॉक्टर," एल्रॉय फोनवर वाकून म्हणाला, "मी बारीकसारीक गोष्ट बोलतोय. माझं बोट काळं पडतंय. ते तुम्ही बघणार का?"

"हे कोण? छे छे. ते तुमची नर्स बघेल."

"मग तुम्ही काय बघणार?"

पाण्याचा आवाज येत राहिला. "देखरेख," डॉक्टर म्हणाले, "ही एक व्यवस्था आहे."

"आमच्या ट्रॅमेल डॉक्टरांनी निदान आपल्या नर्सची चौकशी तरी केली असती," एल्रॉय म्हणाला. "नाव चुकीचं घेतलं असतं, पण केली असती."

व्हर्लीननं फोन ठेवला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. हो तिला उद्या म्हणावंच लागणार होतं, कागद पाठवा म्हणावं लागणार होतं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या बोटीचं डिझेल ओडम काउंटीच्या खोकल्यातापातून निघणार होतं. हे तिला त्या बाकांसमोर उभं असतानाच स्वच्छ कळलं. नोंद होईपर्यंत जो कोणी आत पाऊल टाकेल, त्याला तपासणं गुन्हा होता. परवाना जाईल, तिचाही. पेटस तसं मऊ आवाजात सांगेल.

तिनं आतल्या खोलीचं दार उघडलं आणि दिवा लावला.

"एल्रॉय, चल."

"कायद्यात बसतं का?"

"तुझा पाय बुटात बसत नाही, ते बघू आधी."

एल्रॉय बाकाला धरून उठला. बाकीच्यांनी पाय आत घेऊन त्याला वाट करून दिली. खिडकीमागं बसलेल्या रूबीनेलनं, म्हणजे दवाखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीनं, त्याचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि तिचा हात थांबला.

"व्हर्लीनबाई, 'देखरेख करणारे डॉक्टर' इथं कुणाचं नाव घालू?"

"कुणाचं नको. रिकामं ठेव."

"रिकामं ठेवलं तर हा कॉम्प्युटर पुढं जात नाही."

"मग राहू दे त्याला तिथंच," व्हर्लीन म्हणाली आणि हात धुवायला नळ सोडला. "एल्रॉय, ते चिरगूट सोड. आणि बाकीचे कुणी जाऊ नका, मी नंबरानं घेते."