इंगेलीसची हलकी बॅग

हवा काढलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड उघडलं, की पिसांची दुलई एकदम फुगत नाही. आधी एक कोपरा उचलला जातो. मग बराच वेळ काहीच होत नाही. आणि मग सगळी दुलई जिना चढून आलेल्या माणसासारखा श्वास घेत वर येते. आग्नेटे पलंगाच्या कडेवर बसून हे पाहत होती. डेअरीच्या प्रयोगशाळेत लोण्यातलं पाणी मोजण्यात तिची सारी नोकरी गेली होती, त्यामुळे सावकाश बदलणाऱ्या गोष्टींचा तिला कंटाळा नव्हता. पण सूटकेसचं झाकण काही केल्या त्या दुलईवर बसेना.

सकाळीच सहली नेणाऱ्या फ्लेमिंगचा फोन येऊन गेला होता. इटलीतलं यंदाचं हॉटेल चढावर आहे, बस खालीच थांबणार, सामान ज्याचं त्यानं वर न्यायचं. दहा किलोच्या वर गुंजभरही चालणार नाही. संध्याकाळी सगळ्यांनी भरलेल्या बॅगा वजनाला घेऊन गावच्या सभागृहात यायचं.

"आणि आग्नेटे, एकटीसाठीची एकच खोली उरलीय. तू दरवर्षी विचारतेस म्हणून सांगतो. आज नाव दिलंस तर तुझी."

"बघते," आग्नेटे म्हणाली. गेल्या तीन सहली ती "बघते"च म्हणत होती.

कारण इंगेलीस. भाऊ गेला तेव्हा चर्चमागच्या खोलीत कॉफी पिताना आग्नेटे भावजयीला म्हणून गेली होती, "आता आपण दोघी मिळून सहलींना जाऊ." दुःखात माणूस काहीही बोलतो. इंगेलीसने मात्र तो शब्द घट्ट धरला आणि पाठोपाठ खोली, आरसा आणि न्हाणीघरही धरलं. तेही चाललं असतं. पण इकडे उत्तरेत घरी नवरा-बायकोसुद्धा आपापली दुलई घेऊन निजतात, आणि दक्षिणेकडच्या हॉटेलांत दोघांत मिळून एकच अवाढव्य दुलई! पहिल्याच रात्री इंगेलीस तीत मसाल्यातल्या हेरिंग माशासारखी गुंडाळली गेली ती सकाळीच सुटली. आग्नेटेने रेनकोट पांघरून रात्र काढली. पुढच्या सहलीपासून ती घरची दुलई नेऊ लागली.

संध्याकाळी सभागृहात रीतीप्रमाणे आधी तीन कडव्यांचं गाणं झालं, मग कॉफी, मग केक. मग फ्लेमिंगने जाहीर केलं, "आता कमी सामान कसं भरावं, ते आपली इंगेलीस दाखवेल."

इंगेलीस मंचावर चढली. तिची बॅग जेवणाच्या डब्यापेक्षा जेमतेम मोठी होती.

"दोन ब्लाउज, एक पँट, आतले कपडे, दातांचा ब्रश. झालं!"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून सहलीतल्याच टोव्हेने विचारलं, "आणि टूथपेस्ट?"

"ती आग्नेटेकडे असते."

"केस वाळवायचं मशीन?"

"आग्नेटेचं चांगलं आहे गं. माझ्याने केस जळतात."

"पाऊस आला तर?"

"आग्नेटेची छत्री मोठी आहे."

"तुझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या?"

"त्याही तिच्याकडेच. तिला वेळा लक्षात राहतात."

"मग बाई, एवढी तरी बॅग कशाला नेतेस?"

"येताना चीज आणायला," इंगेलीस शांतपणे म्हणाली. "तेही प्रवासात आग्नेटेच्याच बॅगेत ठेवते. तिथे गार राहतं."

सभागृह खदखदून हसलं. आग्नेटेही हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपण डेअरीत असतो तर असल्या नमुन्यावर 'योग्य' म्हणून कधीच सही केली नसती.

मग तिची सूटकेस काट्याला लावली. काटा गेला तो शेवटच्या आकड्यावर जाऊन टेकला. फ्लेमिंगने कुलूप काढलं मात्र, दुलईने उसळी मारून त्याचा चष्मा उडवला.

"अगं, ही बॅग आहे की बिऱ्हाड?"

टोव्हे उत्साहाने पुढे आली. आत हात घालून ती एकेक वस्तू उंच धरू लागली, लिलावात धरावी तशी.

"ही इस्त्री कुणाची?"

"इंगेलीसची," आग्नेटे म्हणाली.

"हे चालायचे बूट?"

"इंगेलीसचे."

"आणि ही काळ्या ब्रेडची वीट?"

"तिला तिकडचा पांढरा ब्रेड सोसत नाही."

"मग तुझं काय आहे यात?"

"नाइटगाऊन," आग्नेटे म्हणाली. "आणि दुलई."

"मग दुलईच काढ की!" मंचावरून इंगेलीस आनंदाने ओरडली. "झोपेपुरती तर लागते. तिकडे मोठी दुलई असतेच, आपल्या दोघींना अगदी पुरते."

"तुला पुरते खरी," टोव्हे पुटपुटली.

फ्लेमिंगने वाकडा झालेला चष्मा नाकावर बसवला आणि कानामागची पेन्सिल काढली. "चला, हा प्रश्न मिटला. म्हणजे तुम्हा दोघींची नेहमीचीच खोली. लिहू ना, आग्नेटे?"

"बघते" हा शब्द जिभेवर तयारच होता. आग्नेटेने इंगेलीसकडे पाहिलं. ती दोन ब्लाउज पुन्हा घडी घालून ठेवत होती, सुंदर, नेमक्या घड्या. वाईट नव्हती ती. ओझं म्हणून काही असतं, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आग्नेटेने दुलई उचलून खुर्चीवर ठेवली. मग इस्त्री, बूट, गोळ्यांचा डबा आणि ब्रेडची वीट एकेक करून मंचाच्या कडेवर, त्या चिमुकल्या बॅगेशेजारी, मांडून ठेवली. सूटकेस उचलून पाहिली. एका बोटावर आली.

"अगं, हे काय करतेस?" इंगेलीस म्हणाली. "हे सगळं माझ्या बॅगेत कसं मावणार?"

"मोठी बॅग घे," आग्नेटे म्हणाली. "बसमध्ये आपण शेजारीच बसू. छत्रीही माझीच वापरू. पण फ्लेमिंग, लिहून घे, मला एकटीची खोली हवी आहे."