बादलीत न विरघळलेली याय माव

मित्रांनो, आधी माझी उंची सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. एक वीत. मी एक जुनी, सिमेंटची, ठाण मांडून बसलेली मूर्ती आहे आणि माझं नाव याय माव. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत याय म्हणजे आजी. मराठी कुठून शिकले म्हणाल, तर कॅनडातल्या मिल्टन गावी एका मराठी घराच्या देवघरात मी दोन वर्षं काढली. रोज दोन वेळा आरती आणि संध्याकाळी टीव्हीवरची मालिका, एवढं कानावर पडल्यावर कोणीही शिकेल.

खरी याय माव म्हणजे कंबोडियातल्या प्रवाशांची राखणदार. बोकोर नावाच्या डोंगरावर तिचा पुतळा आहे, दहा मजली इमारतीएवढा. धुकं आलं की तिचं डोकं दिसेनासं होतं आणि गुडघे तेवढे उरतात. ट्रकवाले, बसवाले, एका मोटारसायकलवर चौघं बसून आलेले, सगळे तिच्यापुढे हात जोडतात, उदबत्ती लावतात, केळी ठेवतात. जिवंतपणी ती कोण होती यावर एकमत नाही. कोणी म्हणतं नवऱ्याला शोधायला रानात गेली, कोणी म्हणतं समुद्रात गेली. देवी झाल्यावर जुने कागदपत्र कोण सांभाळतं!

त्याच डोंगराच्या पायथ्याशी एका टपरीत माझा जन्म झाला. कारागीर चांगला होता, पण बोलका. शेजारणीशी गप्पा मारता मारता त्यानं मला साच्यातून काढलं आणि माझं नाक जरा डावीकडे राहिलं. खाली पाटावर त्यानं खिळ्यानं कोरलं, 'याय माव, बोकोर'. डोंगरावरची भव्य आणि मी ठेंगणी, पण आमचं खातं एकच. रस्ता.

मला विकत घेतलं सोफालनं. तो कॅनडात हॅमिल्टनला राहायचा, ट्रक चालवायचा, सुट्टीवर गावी आला होता. त्याच्या उजव्या हाताची करंगळी ट्रेलरच्या दारात सापडून गेलेली होती. ती माझ्या आधीची गोष्ट, उगाच माझ्यावर नाव नको. त्यानं मला ट्रकच्या डॅशबोर्डवर दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीनं बसवलं, गळ्यात प्लास्टिकचा गजरा घातला आणि आम्ही निघालो.

नऊ वर्षं, मित्रांनो! काय काय पाहिलं म्हणून सांगू. बर्फाचं वादळ, रस्त्यात येऊन उभं राहिलेलं मूस नावाचं घोड्याएवढं हरीण, एकदा तर उन्हात माझा रंगसुद्धा फुगला. दर सोमवारी सोफाल माझ्यापुढे केळं ठेवायचा आणि गाडी उभी केली की स्वतःच खाऊन टाकायचा. नऊ वर्षांत ट्रकला एक ओरखडा नाही. मी काय केलं म्हणाल, तर बसून राहिले. पण तो माझ्याकडे बघायचा आणि वेग कमी करायचा, एवढं मात्र खरं.

मग त्याची पाठ गेली. ट्रक विकला आणि तो मिल्टनला मुलाच्या घरी बेसमेंटमध्ये राहायला आला. सुनेनं एका शनिवारी घरातलं जुनं सामान विकायला दारातच गराज सेल लावला. सोफाल फिजिओकडे गेला होता आणि मी एका खोक्यात, मोडक्या टोस्टरशेजारी. सुनेचा हेतू वाईट नव्हता. तिनं फक्त विचारलं नाही.

तेवढ्यात आले शैलेंद्र आणि माधवी. तीन गल्ल्या पलीकडे राहणारे, तो पुण्याचा, ती नागपूरची. शैलेंद्रला टेबललॅम्प हवा होता. पण खोक्यात मी दिसले, गळ्यात गजरा पाहिला, आणि त्यानं तिथेच ड्राइव्हवेवर बूट काढून मला नमस्कार केला. सुनेला वाटलं, याच्या बुटात खडा गेला. तिनं लॅम्पबरोबर मला फुकट देऊन टाकलं.

घरी माझ्यावर मोठी चर्चा झाली. ही कोण? चेहरा तर ओळखीचा वाटत नाही. शेवटी देवदत्तकाकांना फोन लागला. देवदत्तकाका ब्रॅम्पटनला राहतात, सोमवार ते शुक्रवार इंजिनियर आणि शनिवार-रविवार अख्ख्या मराठी मंडळाचे गुरुजी. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि निर्णय दिला, की आपलीच कोणीतरी आहे, ठेवा देवघरात. झालं! हळद लागली, कुंकू लागलं, आणि थरावर थर चढून माझ्या पाटावरचं नाव पार बुजून गेलं.

तक्रार नाही हं. शिरा उत्तम मिळायचा. पण मागणी काय, तर शैलेंद्रला प्रमोशन हवं. त्यांच्या मुलीला, ऊर्मीला, वय वर्षं तेरा, मॅथ्समध्ये ए प्लस हवा. घर तापवणारा फर्नेस हिवाळाभर टिकावा. टोरांटोच्या हॉकी टीमनं कप जिंकावा. अहो, ही सगळी दुसऱ्या खात्याची कामं! माझं खातं रस्ता, आणि मला बसवलं होतं तूरडाळीच्या डब्याशेजारी, पूर्वेकडे पाठ करून. डोक्याला हात लावला असता, पण तो गुडघ्याला चिकटलेला.

आणि खरी गरज तर त्याच घरात होती. माधवीला हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली होती. सकाळी सातची शिफ्ट, बसनं वेळेत पोचायची सोय नाही. तिच्याकडे कच्चं लायसन्स होतं आणि त्याची पाच वर्षांची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती. पक्क्या लायसन्सच्या टेस्टमध्ये हायवेवर गाडी चालवून दाखवावी लागते. माधवी दोनदा नापास झालेली. एकदा ती हायवेवर चढायच्या रॅम्पच्या टोकाला थांबून राहिली. दुसऱ्यांदा चढली, पण चाळीसच्या वेगानं, मागे ट्रकांची रांग लावून. आता एकच टेस्ट उरली होती. ती गेली की लायसन्स पहिल्यापासून आणि नोकरी दुसऱ्या कोणाला.

बाई नागपूरच्या भर ट्रॅफिकमध्ये स्कूटी चालवून आलेली. भित्री मुळीच नव्हती. मग अडत होतं कुठे? तर ते मला दर शनिवारी कळायचं. सकाळी दहाला बाहेर हॉर्न वाजायचा, दोन छोटे, मध्ये श्वास घेतल्यासारखी जागा. तो हॉर्न मी नऊ वर्षं ऐकला होता. माधवीला गाडी शिकवायला येणारा माणूस माझा सोफाल होता! पाठ गेल्यावर ट्रक सुटला, पण गाडी सुटेना, म्हणून त्यानं शिकवण्या सुरू केल्या होत्या. तो बाहेर गाडीत, मी आत डाळीशेजारी, मध्ये एक भिंत. दीड वर्ष त्यानं कधी दाराच्या आत पाऊल टाकलं नाही आणि मला हाक मारता आली नाही. खरं सांगते, त्या हॉर्ननं दर शनिवारी मला रडू यायचं.

परत आल्यावर माधवी करवादायची. म्हणायची, मास्तर प्रेमळ आहे, पण हायवेवर नेतच नाही. दर वेळी 'नेक्स्ट वीक'. शिवाय त्याच्या बाजूला जादा ब्रेक असतो, त्यावरून पाय काढत नाही. शैलेंद्र म्हणायचा मास्तर बदल. ती म्हणायची, नको, त्यांना वाईट वाटेल.

दिवाळी झाली आणि शैलेंद्रला उशिरानं सफाईचा उत्साह आला. व्हॅक्यूमची नळी फिरवली ती थेट देवघरात. मी खाली पडले आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. घरात सुतकच. पुन्हा देवदत्तकाकांना फोन. ते म्हणाले, खंडित मूर्ती देवघरात ठेवत नाहीत, विसर्जन करा. तलावात सोडायची परवानगी नाही, तेव्हा मंडळाचा गणपती करतो तसं बादलीत.

मित्रांनो, गणपती शाडूचा असतो. मी सिमेंटची! बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनशेजारी निळ्या बादलीत मला बसवलं, आरती झाली, 'पुनरागमनाय च' सुद्धा झालं. तीन दिवस सगळे येऊन वाकून बघत होते. मी आपली तशीच. चौथ्या दिवशी काकांनी सुचवलं, खायचा सोडा घाला. पिशवीभर सोडा पडला. मला ढेकर तेवढे आले. सहाव्या दिवशी शैलेंद्र माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "आई, प्लीज कोऑपरेट कर."

मी घाबरले होते. विरघळायची भीती नव्हती, पण पुढची पायरी मला दिसत होती. निळा रिसायकलिंगचा डबा. मग कुठला रस्ता आणि कुठला सोफाल.

टेस्टच्या आदल्या दिवशी ऊर्मी सॉकरचे मोजे शोधत खाली आली. सोड्याच्या पाण्यानं माझ्यावरची हळद-कुंकू साफ निघालं होतं आणि पाटावरची अक्षरं वर आली होती. तिनं फोन धरला, फोननं अक्षरं वाचली, मग डोंगरावरचा पुतळा दाखवला, धुक्यासकट. ऊर्मी ओरडतच वर गेली. "मॉम! शी इज लिटरली फॉर ड्रायव्हर्स!"

माधवी खाली आली. तिनं फोनमधला पुतळा पाहिला, मग मला पाहिलं. "एवढी मोठी बाई, आणि आपण तिला सोड्यात भिजत घातली," ती म्हणाली. मग बाह्या वर करून तिनं मला बाहेर काढलं आणि स्वतःच्या ओढणीनं पुसलं. शैलेंद्र चाचरत म्हणाला, पण खंडित आहे गं. ती म्हणाली, देवघरात नाही ठेवत, गाडीत ठेवते, गाडीबद्दल काका काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच हॉर्न वाजला. माधवी मला घेऊन गाडीत बसली आणि मला डॅशबोर्डवर ठेवलं. सोफालनं पाहिलं.

त्यानं माझ्या वाकड्या नाकाला बोट लावलं. तो थकला होता, केस पांढरे झाले होते. त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत झालं, मी तुम्हाला मराठीत सांगते. त्यानं तिला ट्रकची गोष्ट सांगितली, गराज सेलची सांगितली. आणि मग मान खाली घालून म्हणाला, "हिच्याशिवाय मी दोन वर्षं हायवेवर गेलो नाही. म्हणून तुलाही नेलं नाही. चूक माझी आहे. तू दोनदा माझ्यामुळे नापास झालीस."

माधवी रागावेल असं मला वाटलं. रागवायला हवंच होतं. पण तिचं लक्ष माझ्या हाताकडे होतं. ती ओशाळून म्हणाली, की बोटं आमच्याकडून तुटली, आणि आमच्यात तुटलेली मूर्ती ठेवत नाहीत, म्हणून बादलीत घातली होती.

सोफालनं आपला उजवा हात वर केला. चार बोटं. "मग मलाही बादलीत घालशील?"

माधवी आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिनं ओढणीला नाक पुसलं. त्याच ओढणीला, जिनं मला पुसलं होतं. असो.

"टेस्टला दोन तास आहेत," सोफाल म्हणाला. "चल. हायवे."

आणि मित्रांनो, त्यानं जादा ब्रेकवरचा पाय काढला. मी पाहिलं, तो दोन्ही पाय जवळ घेऊन शाळेतल्या मुलासारखा बसला होता. माधवी रॅम्पवर चढली, आरसा पाहिला, खांद्यावरून मागे पाहिलं आणि नागपुरी भाषेत स्वतःलाच म्हणाली, "चल ना बे." गाडी शंभरवर गेली. शेजारून भलामोठा ट्रक गेला, सोफालनं त्याला ओळखीच्या माणसाला करावा तसा हात केला. दोन तासांत आम्ही सहा वेळा चढलो आणि सहा वेळा उतरलो.

ब्रॅम्पटनच्या टेस्ट सेंटरवर परीक्षक बाई आल्या, मला पाहिलं आणि म्हणाल्या, डॅशबोर्डवर सुटी वस्तू चालणार नाही. मी, सुटी वस्तू! काढलं मला. माधवी एकटीच त्या बाईंबरोबर गेली आणि मी बाकावर, सोफालच्या मांडीवर. तो थरथरत होता. मीही थरथरत होते, पण ते त्याच्या मांडीमुळे. पंचवीस मिनिटांनी गाडी परत आली. माधवी उतरली ती दार उघडं टाकूनच पळत आली, आणि काही बोलायच्या आधीच आम्हाला कळलं.

आता खरं बोलायला हवं. तिच्या टेस्टला मी गाडीत नव्हते. बाकावर होते. ती तिची ती चालवून आली. डोंगरावरची मोठी याय काय करू शकते ते मला माहीत नाही, पण माझ्यासारखी वीतभर मूर्ती एवढंच करते, की बसून राहते, आणि माणसाला आठवण देते, की सावकाश जा आणि घाबरू नकोस.

माधवी मला परत द्यायला निघाली होती. सोफाल म्हणाला, सोमवार ते शुक्रवार हिची ड्यूटी तुझ्या गाडीत, हॅमिल्टनला, आणि शनिवारी माझ्या विद्यार्थ्यांबरोबर. देवदत्तकाकांनी बोटं चिकटवून द्यायची तयारी दाखवली. सोफाल आणि माधवी एकदमच नको म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. घरातली जुनी वस्तू खोक्यात टाकण्याआधी ती कोणाची आहे ते विचारा. ज्याची असेल तो फिजिओकडे गेला असेल तर तो येईपर्यंत थांबा. बोट तुटलं, नाक वाकडं असलं, रंग गेला, म्हणून कोणाला बादलीत घालू नका, माणसाला तर नाहीच.

परवाच्या सोमवारी माधवी पहाटे उठून पहिल्या शिफ्टला निघाली. माझ्यापुढे केळं ठेवलं आणि हायवेवर चढली, अजिबात न थांबता. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली, मला नमस्कार केला आणि ते केळं सोलून स्वतःच खाऊन टाकलं. अगदी सोफालसारखं.