नेत्रबाबांची काळी फळी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर नेत्रबाबांनी धुरकट, पांढुरकी पडलेली एक काळी फळी उंच धरली.

"हा तुमचा मोतीबिंदू! आणि हे आमचं दिव्यचूर्ण!"

बाबांनी ओलसर फडक्यावर चिमूटभर चूर्ण घेतलं आणि मंत्र पुटपुटत फळीचा कोपरा खसाखसा घासला. मंत्र संपला तेव्हा त्या कोपऱ्यात बाबांची दाढी आरशासारखी लख्ख दिसत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघ ताई," धाकटी बहीण कानाशी लागली, "सुरी नाही, टाके नाहीत. उद्याचं ऑपरेशन रद्दच कर तू."

ताईलाही तेच हवं होतं. फर्निचरच्या कारखान्यात जन्मभर पॉलिश करणारी ही खमकी बाई, पण डोळ्याला सुरी लागणार म्हटल्यावर तिची पाचावर धारण बसली होती. तिचाच नंबर पहिला लागला.

"डोळा उघडा, माई."

"आधी हातावर द्या, बाबा."

सवयीनं तिनं चूर्ण दोन बोटांत चोळलं. बारीक कचकच लागली. ही कचकच तिच्या चांगलीच ओळखीची होती.

"ती फळी बघू."

"माई, तुम्हाला कुठे दिसतंय?"

"म्हणून तर हात लावते."

धुरकट भागावर बोट किंचित अडखळलं, कोपऱ्यात आलं तसं सुळकन सरकलं.

"अहो, हा तर फवाऱ्यानं मारलेला क्लिअर कोट, पारदर्शक वार्निश!" ताईचा आवाज चढला. "सुकला की आम्ही त्यावर ओला पॉलिश पेपर फिरवतो. बारीक चरे पडतात, चमक जाते, फळी अशीच पांढुरकी होते. मग ही रबिंगची पूड घासली की चरे झिजतात आणि तोंड दिसतं. आमच्याकडे हा चमत्कार रोज होतो, तोही बिनदाढीचा!"

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही!" बाबा गरजले.

"मग तुम्हीच घाला की चिमूटभर डोळ्यात. तुमची तर श्रद्धा असेलच."

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. चेले त्यांना मागच्या दारानं घेऊन गेले.

"पण फळी साफ झाली ना गं?" बहिणीनं हळूच विचारलं.

"फळीचा धुरकटपणा वरवरचा. माझा डोळ्याच्या आत आहे, भिंगात. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, मीच भीतीपोटी ऐकलं नाही. ही पूड घातली असती तर आहे तेवढीही नजर गेली असती." ताईनं तिचा हात घट्ट धरला. "उद्या सोबत येशील ना? भीती अजून वाटतेच."

भीती वाटण्यात लाज कसली? पण असले बाबा भ्यालेल्यालाच आधी गाठतात. तेव्हा आपल्या डोळ्यात काही घालून घेण्याआधी, ते बाबांच्या डोळ्यात घालून बघावं.