इस्त्रीवाल्या मावशींचा डावा डोळा

तिला घरीदारी सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव आत्यानं ठेवलं होतं आणि ते कौतुकानं नक्कीच ठेवलं नव्हतं. पण भोंग्याला त्याचा राग येत नसे, उलट थोडा अभिमानच वाटे. कारण गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा बाकाखाली शिरायची. मग चर्चच्या गायनवर्गात कुणीतरी आजारी पडलं, एका कडव्यासाठी हिला पुढे ढकललं गेलं, आणि पुढे ढकललेल्या या मुलीच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की शेवटच्या बाकावर पेंगणारे आजोबा दचकून उभेच राहिले. तेव्हा जे तोंड उघडलं ते काही मिटलं नाही. शाळेत वक्तृत्व, वर्गात मॉनिटर, घरात वकील.

अशात पाळकसाहेबांनी एका रविवारी नवा उपक्रम जाहीर केला. त्यांचं म्हणणं असं की, आपलं चर्च या गल्लीत इतकी वर्षं उभं आहे, पण गल्लीला आपली घंटा तेवढी ऐकू येते. आता आपण त्यांचं ऐकू. दर शनिवारी जोडीजोडीनं शेजारी जायचं. पत्रकं न्यायची नाहीत, उपदेश करायचा नाही, चहा दिला तर नाही म्हणायचं नाही, आणि एकच प्रश्न विचारायचा: तुमच्यासाठी देवाकडे काय मागू? उपक्रमाचं नाव होतं शेजारधर्म. पाळकसाहेबांनी ते फाटकावरच्या फलकावर चांगलं ठळक रंगवून घेतलं.

भोंग्याची जोडी लागली आत्याशी. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं ठणठणीत. दोघी आधी गेल्या चर्चमागच्या इमारतीत, जिन्याखालच्या इस्त्रीवाल्या मावशींकडे. मावशी काही त्यांच्या चर्चच्या नव्हत्या, पण चर्चचे निम्मे लोक त्यांच्या हातचे कपडे घालून उपासनेला येत. जुन्या घोंगड्या ताणून बसवलेलं टेबल, त्यावर जड इस्त्री, मागच्या फळीवर गाठोडी, आणि प्रत्येक गाठोड्याला वेगळ्या रंगाची चिंधी.

प्रश्न ऐकून मावशी आधी हसल्या. दुपारची लाइट जाऊ देऊ नको म्हणावं, एवढंच सांगा, म्हणाल्या. मग आत्यानं स्टूल ओढून आपल्या गुडघ्यांचं रडगाणं सुरू केलं, आणि दुखण्याला दुखणं भेटलं की होतं तसं झालं. मावशींनी इस्त्री उभी केली. डाव्या डोळ्यानं नीट दिसेनासं झालं होतं. काचेवर वाफ धरावी तसं. दवाखान्यात ऑपरेशन सांगितलं होतं, पण तिथली रांग लांब, नंबर यायला बरेच महिने होते.

“तोवर गिऱ्हाईक टिकायला हवं,” मावशी म्हणाल्या. “इस्त्रीवालीला दिसत नाही म्हटल्यावर कपडे कोण देईल? तुमच्या देवाला सांगा. आणखी कुणाला नको.”

भोंग्याचे डोळे भरून आले. इतक्या मोठ्या माणसानं इतकी मोठी गोष्ट आजवर तिच्या हाती दिली नव्हती. तिनं मावशींचा हात धरला आणि काही काळजी करू नका, असं अगदी मोठ्या बाईसारखं सांगितलं.

रविवारी शेजाऱ्यांसाठीची प्रार्थना तरुणांनी करायची होती. माईक अर्थातच भोंग्याकडे आला. तिनं आदल्या संध्याकाळी आरशासमोर तयारी केली होती. नुसतं ‘मावशींचा डोळा बरा कर’ हे फारच कोरडं वाटत होतं, तेव्हा तिनं ते जरा सजवलं.

“हे प्रभू,” ती डोळे मिटून म्हणाली, “जिनं आमची वस्त्रं उजळ ठेवली, त्या जिन्याखालच्या मावशींच्या डाव्या डोळ्यातला अंधार दूर कर. कपडा कुठे संपतो आणि आपला हात कुठे सुरू होतो, हेही आज त्यांना दिसत नाही.”

आमेन असं घुमलं म्हणता. पुढच्या बाकावरच्या सुतारकाकूंनी डोळे पुसले. उपासना संपल्यावर लोकांनी पाठ थोपटली, काय शब्द गं पोरीचे म्हणाले, आणि भोंगा जमिनीपासून चार बोटं वर चालत फाटकापर्यंत आली. तिथे आत्या उभी होती. आत्यानं पाठ थोपटली नाही.

“ते तिनं आपल्याला सांगितलं होतं,” आत्या म्हणाली.

“मी देवालाच सांगितलं की.”

“देवाला माईक लागतो होय?”

भोंग्याला वाटलं, आत्या जळते. खरंच तसं वाटलं तिला, आणि नंतर हे आठवलं की तिला मान वर करवत नसे.

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी शाळेला जाताना तिनं पाहिलं, मावशींच्या मागची फळी जरा मोकळी दिसत होती. बुधवारी फळीवर एकच गाठोडं होतं आणि इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवलेली होती. मावशी स्टुलावर बसून एका घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालत होत्या. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं. चादर उलगडली आणि परत घडी घालायला घेतली. भोंगा दप्तर सावरत, उगाच शाळेला उशीर झाल्यासारखी पळाली.

संध्याकाळी घरी आली तर आई पलंगावर चादर अंथरून बाबांचे शर्ट इस्त्री करत होती. घरी इस्त्री आहे हेच भोंगा विसरली होती. तिनं विचारलं, तर आई सहजपणे म्हणाली की, बिचारीला कशाला त्रास द्यायचा, जरा विश्रांती मिळू दे. सगळे तसंच म्हणताहेत.

“आणि तूच तर म्हणालीस ना,” आई म्हणाली, “तिला कपडा कुठला नि हात कुठला कळत नाही. उद्या भाजून घेतलं म्हणजे? शिवाय कपडा जळला तर तिला बोलायचं तरी कसं?”

पण ते वाक्य मावशींचं नव्हतंच. मावशींनी वाफ धरलेली काच सांगितली होती. कपडा आणि हात तिनं स्वतः रचला होता, आरशासमोर, केस मागे टाकत. आणि आता सगळी गल्ली त्या एका वाक्यावर दया करत होती. करायला गेले एक नि झालं एक, असंही म्हणता येईना. तिला मुळात काय करायचं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला छान बोलायचं होतं.

ती तशीच चर्चमध्ये गेली. पाळकसाहेब खुर्च्या रचत होते. तिनं सगळं सांगितलं, रचलेल्या वाक्यासकट. ऐकून ते सवयीनं म्हणून गेले, आपण यासाठी प्रार्थना करू. आणि म्हणता म्हणताच थांबले. हातातली खुर्ची त्यांनी खाली ठेवली आणि त्यांचे कान लाल झाले.

“माझा झगा,” ते म्हणाले, “मी या आठवड्यात पलीकडच्या लाँड्रीत दिला. म्हटलं, मावशींना तेवढाच आराम.” मग खिडकीतून फाटकाकडे, आपण रंगवून घेतलेल्या त्या फलकाकडे बघत राहिले. त्यांनी विचारलं की, मावशींकडे जाताना मीही बरोबर येऊ का. भोंगा नको म्हणाली. कुणी बरोबर असलं की आपण पुन्हा छान बोलू, याची तिला भीती वाटली.

मावशी टेबल पुसत होत्या. भोंग्यानं पाठ केलेलं सगळं विसरून भलतीकडूनच सुरुवात केली, मध्येच तिला रडू फुटलं.

“रडू नको,” मावशी म्हणाल्या. “गिऱ्हाईक काय म्हणेल.” मग रिकाम्या फळीकडे पाहून म्हणाल्या, “असतं तर म्हणालं असतं.”

“मावशी, मला माफ करा.”

“तुमच्या चर्चच्या बाहेर कर्णा लावलाय, माहिती आहे ना? मी इथे शर्टाची कॉलर करत होते. सगळं ऐकलं. माझा डोळा गेलाय, कान शाबूत आहेत.” त्यांनी फडकं झटकलं. “तो कपडा नि हात, ते मी कधी म्हटलं गं?”

“नाही म्हणालात. ते मी घातलं.”

“का?”

खोटं बोलायला तिला शंभर वाटा दिसत होत्या. एकही धरवली नाही.

“छान वाटलं म्हणून.”

मावशींनी फडक्याची घडी घातली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मोठी माणसं का म्हणतात ते भोंग्याला त्या जिन्याखाली कळलं.

“माफ केलं म्हटलं की तू हलकी होऊन घरी जाशील,” मावशी म्हणाल्या. “माझ्या फळीवर काय येणार? मला कपडे हवेत, पोरी.”

मग भोंग्यानं घाबरत विचारलं, रविवारी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगू का. या वेळी विचारून. मावशींनी विचार केला. आता झाकून तरी काय राहिलंय, म्हणाल्या. पण तीन अटी घातल्या: रडायचं नाही, कीव करायची नाही, आणि डोळ्यावर घरगुती औषधं घेऊन कुणी इकडे यायचं नाही.

रविवारी माईक हातात आला तेव्हा तो तिला इस्त्रीसारखा जड लागला. बाहेर कर्णा होता, आणि कर्ण्याच्या टप्प्यात मावशी होत्या.

“मागच्या रविवारी मी जे सांगितलं ते सांगायचा मला हक्क नव्हता,” ती म्हणाली. “त्यातलं एक वाक्य मी रचलं होतं. मावशींना एका डोळ्यानं कमी दिसतं, दुसऱ्यानं दिसतं. त्यांना काम येतं आणि काम हवंय.”

एवढंच. ती खाली बसली. आमेन कुणी म्हटलं नाही. त्या शांततेत सुतारकाकू हळूच पुटपुटल्या की, आमच्या ह्यांच्या बाहीला मागे एकदा दुहेरी घडी पडली होती, खोटं कशाला बोलू. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आत्या मागच्या बाकावरून म्हणाली, तुझ्या ह्यांच्या कपाळावरही तिहेरी आहे, ती कुणी पाडली? मग कुणीच हसलं नाही. भोंगा हातांकडे बघत बसली. तिला सगळ्यांच्या नजरा अंगावर जाणवत होत्या, आणि वर्षभरात पहिल्यांदा ते तिला नको होतं.

सोमवारी पाळकसाहेब झगा काखोटीला मारून, भर गल्लीतून, स्वतः मावशींकडे गेले. आत्यानं आपल्या घरातले असतील नसतील ते सगळे पलंगपोस पाठवले. सुतारकाकूंकडून काही आलं नाही. आणखीही बऱ्याच घरांतून आलं नाही. आईनं एक गाठोडं बांधून भोंग्याच्या हाती दिलं आणि तिच्या नजरेला नजर न देता स्वयंपाकघरात गेली.

मावशींनी गाठोडं सोडून वरून हात फिरवला. चादरी, उशांचे अभ्रे, एक टेबलक्लॉथ.

“बाबांचे शर्ट नाहीत यात,” मावशी म्हणाल्या.

शर्ट धुवायला पडलेत, हे भोंग्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबा गावाला गेलेत, हेही सुचलं होतं. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि ऐकत होती.

“आईनं दिले नाहीत,” ती खाली बघत म्हणाली.

मावशींनी मान हलवली. गाठोड्याला हिरवी चिंधी बांधली, ते फळीवर ठेवलं आणि इस्त्री हातात घेतली.

“उद्या संध्याकाळी ये न्यायला,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.